कंडक्टर काकांचं खुराडं

गेवराईत खोली शोधत फिरत होते तेव्हा तेच तेच ऐकून माझे कान किटले होते. एकट्याच का? मिस्टर कुठं असतात? कोणत्या समाजाच्या? ह्या घरी मात्र फाटकापलीकडून एक उंच, वाळका माणूस म्हणाला, "आज कोंबड्या असलेल्या कुणाच्या अंगणात गेलतात का?"

मी म्हटलं, "नाही हो. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी संपवून सरळ इकडंच आले."

"मग चालतंय. तरी पाय बुडवून या."

फाटकाच्या आत पत्र्याचा एक पसरट ट्रे ठेवलेला, त्यात चुन्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं. माझ्या पायात नव्याकोऱ्या चपला. त्या बुडवल्या, दुसऱ्याच दिवशी त्यांचा रंग उडाला, आणि मी मनाशी म्हटलं, बाई गं, माणूस सरळ नाही हा. पण खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं आणि मालकानं माझ्या नवऱ्याची चौकशी केली नव्हती. मी सामान घेऊन आले.

काका एस.टी.त कंडक्टर होते. गल्ली त्यांना नुसतं कंडक्टर म्हणायची, मी काका म्हणायचे. काकू मी येण्याआधीच गेलेल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाडी थांबलीय हे अंगाला अजून कळलं नव्हतं. बोलायला उभे राहिले की एक हात वर जायचा आणि कपडे वाळत घालायची तार धरायचा. तार धरल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. माझ्या ओल्या साड्या कितीदा त्यांच्या मुठीत चुरगळल्या असतील!

आणि बोलायचे काय, तर कोंबड्या. मला ताप आला होता तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "वारं समोरून अंगावर घेता तुमी. कोंबडीला आमी तसं करत न्हाई. हवा डोक्यावरून गेली पाहिजे. खिडकी वर पाहिजे, बसायची जागा खाली." मी पांघरुणातून म्हटलं, "काका, मी कोंबडी आहे का?" तर म्हणाले, "न्हाई, पण फुफ्फुस तर हाय ना."

त्यांचं खुराडं बघायला लांबून लोक यायचे आणि फाटकाबाहेरूनच बघून जायचे. आत कुणालाच घेत नसत. भंगारवाल्याकडून जुन्या बसच्या खिडक्या आणल्या होत्या, सरकत्या काचांच्या. काचा काढून तिथं बारीक जाळी ठोकलेली. "मोठ्या जाळीतून मुंगसाचं तोंड जातं. तोंड गेलं की मुंगूस गेलंच आत." जमिनीपासून हातभर उंच पाय, म्हणजे खालून ओल नाही आणि उंदराला बीळ नाही. तळाला पट्ट्या, मध्ये फटी, घाण खाली पडावी म्हणून. छपराच्या पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर, कारण आमच्याकडचं ऊन उघड्या पत्र्यावर पडलं की आत भट्टी होते. तोंड पूर्वेला. अंडी घालायला कोपऱ्यात अंधारे खण. बसायला बसच्याच सीटांचे नळ, आणि त्यावर सुतळी गुंडाळलेली, "नुस्त्या लोखंडावर पाय घसरतो आन थंडीत गारठतोबी."

दाराला घंटीची दोरी होती. दिवस कलला की काका ती दोनदा ओढत. टिंग टिंग झालं की सगळ्या कोंबड्या फळीवरून वर चढायला लागायच्या. एखादी दारातच अडली की काका ओरडायचे, "ओ बाई, पुढं सरका! आत जागा हाय की!" शेजारच्या चाची भिंतीवरून हे बघून कपाळाला हात लावायच्या. "बेटी, इनका दिमाग कोंबड्यां में अटका है," असं मला म्हणायच्या.

पण अडलं की त्याच चाची पहिल्यांदा काकांना हाक मारायच्या. त्यांचं खुराडं मावळतीच्या भिंतीला टेकलेलं होतं. वैशाखात कोंबड्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या. काका भिंतीवरून बघून म्हणाले, "चाची, हे खुराडं हाय का तंदूर? उचला ते, लिंबाखाली ठेवा. दुपारी पोतं भिजवून टाका वरून. पाण्याचं भांडं मातीचं ठेवा, आन दिवसातनं दोनदा बदला. गरम पाणी तुमी पिता का?" चाचींनी तोंड वाकडं केलं, पण उचललं. कोंबड्या वाचल्या.

लोकांना सांगायची त्यांची तऱ्हा मात्र अशी होती, की ऐकणाऱ्याला आधी अपमान झाल्यासारखं वाटायचं. पलीकडची एक नवी सून विचारायला आली, "काका, माझी कोंबडी अंडी कावून देत न्हाई?" काका म्हणाले, "तुमाला कुणी उकिरड्याजवळ, उजेडात, सगळ्या गल्लीदेखत बसवलं तर तुमी द्याल का?" ती बिचारी लाजून लाल. मग तिला सगळं समजावलं: अंधारा खण कर, अंड्यांची टरफलं भाजून, बारीक कुटून दाण्यात घाल, ओलसर बुरशी लागलेली बाजरी देऊ नको, चुलीच्या राखेत कडुलिंबाचा पाला चुरून एका खोक्यात ठेव, त्या आपण होऊन लोळतात आणि पिसवा जातात. पिल्लांसाठी मडक्यात शेण आणि जुनं पोतं कोंबून ते पालथं घालायचं, सकाळी वाळवी धरते, ती पिल्लांपुढं झटकायची, हेही त्यांनीच तिला शिकवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मानमोडीची, म्हणजे मान पिळून, हिरवं हगवून कोंबड्या मारणाऱ्या रोगाची, लस यायची. बाटली एकदा फोडली की घडीभरात संपवावी लागते आणि एका घरच्या कोंबड्यांना ती जास्त होते. म्हणून काका थर्मासात बर्फ घालून बाटली आणायचे आणि घरोघर जाऊन गल्लीतल्या एकूण एक कोंबडीच्या नाकात थेंब सोडायचे. प्रत्येक अंगणात शिरताना पाय धुवायचे, निघतानाही धुवायचे. बायका हसायच्या. पण आमच्या गल्लीत मर लागली नव्हती, आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

निवडणुकीत एक उमेदवार आले. मागं झेंडे, फटाके, पांढरेशुभ्र बूट. काका फाटकात आडवे. "आधी बुडवा." पुढारी हसले, कार्यकर्ते चिडले. एक जण म्हणाला, "ओळखलं न्हाई का बे म्हाताऱ्या?" काका म्हणाले, "ओळखलं की. गावोगाव फिरताय, कुठल्या कुठल्या अंगणातनं आलाय, म्हनून तर म्हनतो." बुटांना चुना लागला. मत कुणाला दिलं ते त्यांनाच ठाऊक.

हे सगळं गमतीचं वाटायचं मला, जोवर चाचींनी काकांच्या लेकीचं सांगितलं नव्हतं. तिला आपण शोभा म्हणू. खरं नाव वेगळं आहे. एकुलती एक, पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यात दिलेली. एका पंचमीला ती माहेरी आली ती काखेत कोंबडी घेऊन. स्वतः पाळलेली, स्वतः वाढवलेली, बापाला दाखवायला आणलेली. काका फाटकात म्हणाले, "ती मागच्या पिंजऱ्यात बांध, मग आत ये." बाहेरून आलेल्या पक्ष्यासाठी परसात लांब एक पिंजरा होता, तिथं तो काही आठवडे एकटा राहायचा. पोर रस्त्यात उभी, गल्ली बघतेय, हातात बापासाठी आणलेली वस्तू. ती म्हणाली, "बाबा, मला आधी आत तर घ्या." काका म्हणाले, "नियम सगळ्यांला एकच." तिनं पाठ फिरवली आणि आल्या गाडीनं परत गेली. तेव्हापासून पंचमीला आली नव्हती, दिवाळीला नाही, फोनसुद्धा नाही.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, लेकीला फोन का करत नाही?" त्यांनी तार धरली, सोडली. मग झाडू घेतला आणि सकाळीच झाडलेलं खुराडं पुन्हा झाडलं. मी परत कधी विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डोंगराकडच्या गावांत मानमोडी आल्याचं दवाखान्यात आलेल्या बायकांकडून ऐकलं. आमच्याकडं लस पुढच्या आठवड्यात द्यायची ठरली होती. काका बेचैन होते. ट्रेमधला चुना रोज बदलत होते, दूधवाल्यालाही फाटकाबाहेर थांबवत होते.

एका दुपारी फाटकापुढं रिक्षा थांबली. एक बाई उतरली, डोक्यावर टोपली, टोपलीवर लुगड्याचा तुकडा बांधलेला. मी पायरीवर भाजी निवडत होते. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण उभं राहायची ढब बघून ओळखलं. तीच उंची, तसाच ताठ कणा.

ती फाटकाबाहेरच थांबली. "बाबा, मी हितनंच बोलते. गावात मर लागलीय. माझ्या निम्म्याहून जास्ती गेल्या. सासू म्हनती, ही पांढऱ्या पायाची. लग्न करून आले त्या साली बैल मेला, तो माझ्या पायगुणानं. औंदा बोअर आटलं, तेबी माझ्याच पायगुणानं. आता म्हनती, गावाला मरबी हिनंच आनली. ह्या येवढ्या ऱ्हायल्यात, चांगल्या हायेत. लोक म्हनत्यात तुमच्या खुराड्यात कोंबडी मरत न्हाई, म्हनून आनल्या. आतमदी ठेवनार असताल तर सांगा. मागच्या पिंजऱ्यात ठेवायच्या असतील तर रिक्षा उभी हाय."

हे सगळं एका दमात. पाठ करून आली होती बिचारी. शेवटाला मात्र आवाज कापला.

काकांनी पुढं होऊन टोपलीवरचं फडकं उचललं. मीही उठून बघितलं. आत एक कोंबडी मान किंचित पिळून, डोळे मिटून बसली होती, आणि टोपलीच्या बुडाला हिरवट पाणी होतं. इतकी वर्षं त्या माणसाच्या घरात राहिल्यावर मलासुद्धा त्याचा अर्थ कळत होता. काकांना तर फडकं उचलायचीही गरज नव्हती.

त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी तार धरली. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. शोभा बापाच्या तोंडाकडं बघत होती. ती काय विचारायला आली होती ते मला कळलं, आणि कोंबड्या हे निमित्त होतं हेही कळलं. ह्या खेपेला परत गेली असती तर ती पुन्हा कधीच आली नसती.

काकांनी चुन्याचा ट्रे पायानं बाजूला सारला. "आन आत," म्हणाले. "आधी तू ये."

ती आत आली आणि बापाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. टोपली काकांनीच उचलली आणि स्वतःच्या हातानं त्या कोंबड्या आपल्या खुराड्यात सोडल्या. बाप-लेकीच्या मध्ये मी कोण बोलणारी? संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्या घरात तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाच्या कोंबड्या मरून पडल्या होत्या. दोन तेवढ्या धुगधुगत होत्या. शोभा मातीत बसली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागली. "बघा, हितंबी आले आन हितंबी... खरंच म्हनत्यात ते. माझा पायच तसला!"

काकांनी तिचे हात धरले. "गप. तुझ्या कोंबड्या चांगल्या होत्या. रोग माझ्याच खुराड्यात हुता."

"काय?"

"ती तांबडी बघ, आत बसून हाय. चार दिस झाले, उठत न्हाई. कुनाला बोललो न्हाई मी. लोक काय म्हनतील म्हनून झाकलं. तुझ्या आल्या आन त्यांना लागलं."

मी हातात तांब्या घेऊन उभी होते. तांबडी खुडूक होती हो! अंड्यांवर बसली होती! काकांनीच मला कौतुकानं दाखवली होती. एरवी शोभालाही हे एका नजरेत कळलं असतं, आणि रोग एका रात्रीत मारत नाही हेही, पण रडून रडून तिला पुढचं दिसत नव्हतं.

ती हळूहळू उठली. "बाबा, म्हंजे रोग हाय हे ठावं असून तुमी माझ्या कोंबड्या आत घेतल्या?"

"चुकलं."

"मला सांगायचं न्हाई का? येवढं गल्लीला शिकवता! दुसऱ्याला उभं करता फाटकात! आन सोताच्या खुराड्यात..." मग ती जी बोलत सुटली! चाची भिंतीवर आल्या, ती नवी सून दारात आली. सगळ्यांसमोर बापाचा पाणउतारा केला तिनं. काका खाली मान घालून ऐकत होते. आणि मी बघत होते, शोभाच्या चेहऱ्यावर रक्त परत येत होतं. दुपारच्या गाडीनं ती गेली तेव्हा रागात होती, पण पाय आपटत, ताठ चालत गेली. फाटकातून म्हणाली, "पंचमीला येते. जेवन येळेवर करा."

पुढचं सांगायला नको वाटतं. काकांच्या कोंबड्या गेल्या. मान पाठीला लावून, गोल गोल फिरून, एकेक करून गेल्या. तांबडीही गेली, अंड्यांवरच. मग रोग भिंत ओलांडून गेला. चाचींच्या गेल्या, त्या नव्या सुनेच्या गेल्या, गल्लीत सकाळी बांग ऐकू येईनाशी झाली. काका खड्डे खणत होते, चुना टाकत होते, पुरत होते. मदतीला कुणी आलं नाही. चाचींची एक पांढरी कोंबडी होती, नातवाच्या नावानं राखलेली, मांडीवर येऊन बसायची. ती दोन्ही हातांत धरून त्या फाटकापाशी आल्या. शिव्या देतील असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "कंडक्टर, तू तो सबको सिखाता था." कोंबडी फाटकापाशी ठेवली आणि गेल्या. काकांनी तीही पुरली.

त्या दिवशी मी त्यांना गाठलंच. "काका, खोटं का बोललात? रोग तिनं आणला. तुम्ही बघितलात, मी बघितला."

"मग काय सांगू तिला? सासरी पांढऱ्या पायाची, माहेरी आली तर माहेरचंबी मारलं, असं घेऊन जाऊ देऊ? सासूच्या तोंडाला मी हात लावू शकत न्हाई. पन तिला सोताला ते खरं वाटाया लागलं, तर काय ऱ्हायलं मग?"

"आणि गल्ली? चाचींनी काय पाप केलं होतं? पिंजऱ्यात ठेवल्या असत्या तर..."

"तर ती गेली असती."

"समजावून सांगायचं होतं!"

"मागच्या टायमाला समजावूनच सांगितलं हुतं की," ते म्हणाले.

मला फार राग आला होता. खरं सांगते, आजही येतो. एका लेकीसाठी ह्या माणसानं अख्ख्या गल्लीच्या अंगणात मरण सोडलं, जाणूनबुजून, डोळ्यांनी बघून. आणि त्याच वेळी गलबलूनही येत होतं, कारण त्यांच्याजवळ होतं काय? लोक विचारायला येत, हे शहाणपण त्यांचं नाव होतं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच खड्ड्यात पुरलं.

ते म्हणाले, "तुमी दवाखान्यातल्या. पेशंटचं बाहेर बोलत न्हाई ना? हेबी तसंच समजा." मी हो म्हटलं. म्हणून तर इथं त्यांचं नाव नाही.

पंचमीला शोभा खरंच आली. हातात अंडी, खुडूक कोंबडीखाली ठेवायची. तोवर बायकांनी पुन्हा एकेक दोन-दोन कोंबड्या आणल्या होत्या. शोभा आधी घरात आली नाही. घरोघर गेली, "माझ्या बाबांमुळं तुमचं नुकसान झालं" म्हणत. चाचींनी क्षणभर बघितलं आणि फाटक उघडलं. "तेरा क्या कसूर बेटी? आ, अंदर आ." मग ज्या त्या घरातून हाक यायला लागली. शोभे, इकडं ये गं, माझं खुराडं बघ. शोभे, हिची तुऱ्याची कोंबडी काय खात नाही बघ. लस आणायलाही थर्मास घेऊन तीच गेली.

काका ओट्यावर बसून होते. खुराडं त्यांनी भंगारवाल्याला परत दिलं होतं. अंगणात चार पायांचे खळगे तेवढे राहिले होते. ती नवी सून सवयीनं ओट्यापाशी आली, "काका, पिल्लं सारखी पेंगतात हो," म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला आठवलं. ती ओशाळली.

"आमच्या पोरीला इचारा," काका म्हणाले. "मला त्यातलं काय कळत न्हाई."

चाचींच्या अंगणातून शोभा मोठ्यानं म्हणाली, "खरंय! बाबांचं ऐकू नका गं कुनी. हौस लई, पन समज न्हाई!" सगळ्या बायका हसल्या. कितीतरी महिन्यांनी गल्ली अशी हसली.

माझ्या ओठांवर आलं होतं. मी पायरीवरून उठलेच. काकांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. तेही थोडं हसत होते. मग मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.